भिंत आणि ठेका

(संगमनेर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'ऐकण्याजोगे नवे नृत्यसंगीत' असे शब्द पाहून आपल्यापैकी काहींना ती मुद्रणातील चूक वाटली असेल. ती चूक नाही. मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. ऊसदर, सहकार आणि दुष्काळ यांवर आपल्यासमोर अनेकदा बोललो. संगीतातला माझा अधिकार शून्य आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिची भरपाई करण्यासाठी मी हा विषय मागून घेतला आहे.

अण्णा भाऊंच्या जयंतीची मिरवणूक ठरवायला आमच्या शाखेची बैठक बसली होती. तरुण साथींचे म्हणणे होते की या वेळी डीजे असावा. मी उठलो आणि 'यांत्रिक गोंगाटाला आपल्या मिरवणुकीत स्थान नाही' असा ठराव मांडला. भाषणात भांडवलशाहीचा बाजार, सांस्कृतिक अधःपतन, नवी धुंदी असे सगळे शब्द आले. ठराव मंजूर झाला. बैठक उठता उठता एका कार्यकर्तीने, जी आमच्याबरोबर वीजबिलांच्या प्रश्नावर घरोघर हिंडली होती, मला विचारले, "सर, यातले एक तरी गाणे तुम्ही शेवटपर्यंत ऐकले आहे का?" मी ऐकले नव्हते. पुढच्या बैठकीला ती आली नाही आणि तिच्याबरोबरची पाच मुलेही आली नाहीत. ठराव मंजूर झाला आणि सहा माणसे गेली, हा हिशेब कुठल्याही अर्थशास्त्राने तोट्याचाच ठरेल.

म्हणून मी ऐकायला बसलो. तीन महिने रोज सकाळी फिरून आल्यावर एक तास. भाचीने यादी करून दिली, यंत्र कसे लावायचे ते दाखवले. या ऐकण्यातून मला प्रथम एवढे उमगले की माझ्या ठरावात मी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली होती. एक आहे भिंत आणि दुसरा आहे ठेका. जगभर डीजे म्हणजे एक माणूस, गाण्याला गाणे जोडून नाचणाऱ्यांचा मेळ राखणारा. आपल्याकडे डीजे म्हणजे वस्तू. मालट्रकवर किंवा ट्रॉलीवर रचलेली कर्ण्यांची भिंत. त्या भिंतीविषयी मला जे म्हणायचे आहे ते शेवटी म्हणेन. आधी ठेक्याविषयी.

ही परदेशी यंत्रांची नक्कल आहे, असा आपला पहिला आक्षेप असतो. यात तथ्य किती? १९६९ साली डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन वादकाने अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत 'मूग' नावाचे विद्युत्-स्वरयंत्र आणून बसवले. त्याच्यावर आपल्याच माणसांनी काम केले: गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि विद्यार्थी जिनराज जोशीपुरा. यांपैकी गीताबेन पखवाज वाजवीत, आणि १९४६ साली अमेरिकेत जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ त्यांनीच दिले होते. त्या गिरणीमालक अंबालाल साराभाईंच्या कन्या. म्हणजे १९१८च्या अहमदाबादच्या संपात सख्ख्या भावाविरुद्ध मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन या त्यांच्या आत्या. एकाच घराण्यातून मजूर महाजन आणि विद्युत्-संगीत या दोन्ही गोष्टी निघाव्यात हे मला मोठे कुतूहलाचे वाटते. अर्थात एक सोडवत नाही: त्या काळात असे यंत्र मिळायला साराभाईंचे नाव किंवा अशी संस्थाच लागत होती. गिरणीतल्या माणसाच्या हाती ते येणे शक्य नव्हते.

१९६९ ते १९७२ या काळातल्या या ध्वनिफिती संस्थेच्या दप्तरात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या २०१७च्या सुमारास सापडल्या आणि २०२३ साली 'द एन.आय.डी. टेप्स' या नावाने प्रसिद्ध झाल्या. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे हे काम माझ्या यादीत 'नवे' म्हणून येते. त्यात शर्मांच्या काही तुकड्यांचे नावच 'डान्स म्युझिक' असे आहे. नाचायला लागाल असे ते नाही, हे आधीच सांगतो. यंत्र काय बोलू शकते हे चाचपून पाहणाऱ्या माणसाचे ते उद्गार आहेत. काही तुकडे मला कंटाळवाणे वाटले. पण माथुरांचा पक्ष्यांच्या नावाचा तुकडा जरूर ऐका.

यादीतली दुसरी तबकडी १९८२ सालची आहे आणि ती मुंबईची आहे. १९८२ म्हटले की तुमच्या-माझ्या मनात काय येते? १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी तेव्हा पुण्यात पदव्युत्तर वर्गात होतो. संपकऱ्यांसाठी आम्ही पोत्यांनी ज्वारी गोळा केली. त्याच वर्षी, त्याच शहरात, चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक तीन जपानी यंत्रे पुढ्यात घेऊन बसले आणि त्यांनी दहा राग 'डिस्को'च्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे राग आहेत. एच.एम.व्ही.ने तबकडी काढली. ती फारशी खपली नाही, आणि विसरली गेली.

त्या यंत्रांपैकी एक होते रोलँड कंपनीचे टी.बी. ३०३. खर्जाची साथ करण्यासाठी ते बनवले होते, पण गिऱ्हाईकाला पसंत पडले नाही. दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद झाले. मात्र त्याच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आपल्या मींडेच्या जवळ जाणारी. सिंगांनी ती रागासाठी हेरली. पुढे पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी हेच टाकून दिलेले, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे यंत्र उचलून 'ॲसिड हाऊस' नावाचा प्रकार जन्माला घातला आणि तो युरोपभर गाजला. २०१० साली एका डच संग्राहकाने सिंगांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जाणकार चकित झाले: हे तर आमच्या पाच वर्षे आधीचे! सिंगांना अखेरच्या काळात परदेशी मंचावर वाजवायला मिळाले. २०१५ साली ते वारले. त्यांनी शिकागोवर आणि शिकागोने त्यांच्यावर काही उपकार केलेले नव्हते. दोघांनी एकमेकांना न ऐकता त्याच यंत्रातून सारखा सूर काढला. नक्कल कुणी कुणाची केली, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. भैरव ऐका, मालकंस मला स्वतःला रुचला नाही, घाई फार वाटते.

शिकागोचे नाव निघाले म्हणून आणखी थोडे. 'हाऊस' हा शब्द 'वेअरहाऊस' या तिथल्या नाचघराच्या नावावरून आला. फ्रँकी नकल्स हा तिथला डीजे, आणि नाचणारे बहुतांशी कृष्णवर्णीय व समलिंगी तरुण, ज्यांना इतरत्र दार बंद होते. शेजारच्या डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने आटत चालले होते, तिथून 'टेक्नो' निघाला. तिथल्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या मंडळींनी मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून स्वतःच्या तबकड्या स्वतः काढल्या. इंग्लंडात तर १९९४ साली फौजदारी कायद्यात अशा मैदानी मेळाव्यांवर बंदी घालताना संसदेला ठेक्याची व्याख्या करावी लागली: एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे आघात. राज्यसत्तेला आघातांची पुनरावृत्ती धोक्याची वाटली, ही गोष्ट मोर्च्यात घोषणा देणाऱ्यांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

आणि यंत्र परके म्हणाल, तर पेटी कुठली होती? आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम परकी ठरवून हद्दपार केली आणि पुढची तीस वर्षे बंदी चालू होती. आज कीर्तनात पेटी नसेल तर आपल्याला परंपरा बुडाल्यासारखे वाटते. आपल्या संगमनेरच्या मातीतले तमाशाचे फड घ्या. कांताबाई सातारकरांसारख्या, २०२१ साली आपल्यातून गेलेल्या, थोर कलावतीचे गाव हे. ढोलकीशेजारी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड यायला फडांनी कुणाच्या ठरावाची वाट पाहिली नाही.

आता आपल्या भाषेकडे येतो. २०१९ साली मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने आरेच्या जंगलातले आदिवासी गायक प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पाडली गेली, हे आपण जाणता. या गाण्यात खर्जातला यंत्राचा दणका आहे, तरुणांचे रॅप आहे आणि मध्ये भोईरांचा आवाज येतो. तो आवाज सजवलेला नाही. यंत्राने त्याला गिळलेले नाही, उलट त्याच्यासाठी जागा केली आहे. सेवादलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी, किंवा लाल बावटा कलापथकात अमर शेखांनी जे केले, त्याच्याशी याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. काळ वेगळे आहेत. पण आरेच्या प्रश्नावर आपण पत्रके काढली, आणि ती आपल्याच माणसांनी वाचली. गाणे ज्यांच्यापर्यंत गेले त्यांच्यापर्यंत आपली पत्रके पोचली नव्हती.

दुसरे गाणे आपल्या घरातल्या मुलांना पाठ आहे: 'तांबडी चामडी', २०२४. क्रेटेक्स या नावाने काम करणारा मराठी संगीतकार आणि श्रेयस हा गायक. शिकागोच्या हाऊसचा चौमात्रिक ठेका घ्यायचा आणि त्याच्यावर अस्सल बोलीतली मराठी चढवायची, या प्रकाराला क्रेटेक्सने 'एम-हाऊस' असे नाव दिले आहे, 'एम' मराठीचा. मी हे गाणे नाक मुरडून लावले. शब्द थिल्लर वाटले, आणि अजूनही काही वाटतात. पण विषय पाहा: उन्हात चमकणारी तांबूस कातडी. ज्या देशात गोरे होण्याचे मलम खेडोपाडी विकले जाते, तिथे लाखो पोरे उन्हाने रापलेल्या कातडीचे कौतुक करीत नाचली. पाथर्डीहून दर हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांच्या कातडीचा रंग कोणता आहे? गीतकाराच्या मनात ऊसतोड मजूर होते असे मी म्हणत नाही. अर्थ नेहमी लिहिणाराच भरतो असे नाही, नाचणाराही भरतो. आणि तो ठेका, कबूल करतो, ऐकता ऐकता माझा पाय हलला. भाचीने ते पाहिले.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे मालकीकडे. हे मराठी गाणे 'स्पिनिन' रेकॉर्ड्स' या डच कंपनीमार्फत प्रसिद्ध झाले. ही कंपनी २०१७ साली अमेरिकेच्या वॉर्नर म्युझिकने विकत घेतली. मराठी शब्द, शिकागोचा ठेका, हॉलंडचा शिक्का आणि न्यूयॉर्कचा मालक. एकेकाळी एच.एम.व्ही.ची जवळजवळ मक्तेदारी होती. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आली, ती मक्तेदारी फुटली, आणि आनंद शिंद्यांसारखा आवाज गल्लीबोळांत, ट्रकांत, रसवंत्यांत पोचला. आज गाणे करण्याचे साधन त्याहून स्वस्त झाले आहे, ते खिशातल्या फोनात आहे. वितरण मात्र पुन्हा मूठभरांच्या हाती गेले. स्पॉटिफायचेच उदाहरण घ्या. तिथे २०२४ पासून असा नियम आहे की मागील बारा महिन्यांत एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन नाही, आणि तो पैसा वरच्या गाण्यांत वाटला जातो. दूध संघाच्या भाषेत सांगायचे तर, वर्षाला हजार लिटरांहून कमी दूध घालणाऱ्याचे दूध घ्यायचे, विकायचे, आणि त्याचा पैसा मोठ्या गोठ्यांना द्यायचा. असा ठराव आपल्या तालुक्यातल्या एखाद्या संघाने केला असता तर आपण रस्ता अडवला असता. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरेच्या काठी घातला गेला तेव्हा अध्यक्षस्थानी धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. गाण्याचा सहकार कसा असावा हे मला आज सुचत नाही, पण विचार करायला या जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल.

आणखी एक प्रसंग सांगतो. ठराव मांडताना मी म्हणालो होतो, "आपली हलगी, आपली सनई असताना हे कशाला?" टाळ्या पडल्या होत्या. नंतर गावातल्या एका हलगीवाल्याचा मुलगा भेटला. तो फोनवर ठेके जुळवतो. म्हणाला, "सर, बापाची हलगी मी यात घेतली आहे. बाप पाटलाच्या दारात उभा राहून वाजवायचा. वाढतील ते घ्यायचा. मला कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही." साथींनो, हलगी आपली म्हणताना 'आपली' म्हणजे कुणाची, हे मी विसरलो होतो. गावाने ती काही जातींकडून वाजवून घेतली, बिदागी दिली आणि अंगणाबाहेर ठेवले. पारंपरिक वाद्यांचा अभिमान बाळगणाऱ्याने वाजवणाऱ्याच्या मजुरीचा आणि मानाचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. त्या मुलाने मला त्याचा तुकडा ऐकवला. बापाची हलगी स्वच्छ ओळखू येते. तिच्या खाली त्याने एक खर्ज ठेवला आहे, विहिरीत दगड पडावा तसा.

आता भिंत.

भिंतीला माझा विरोध होता, आहे आणि राहील. पण त्याची कारणे बदलली आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वर्ज्य. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. डेसिबल हे माप फसवे आहे. दहाने वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. ७० वरून १०० वर गेले की हजारपट. कारखान्यातल्या कामगारासाठी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. मिरवणूक चालते सहा तास. भिंतीच्या सर्वांत जवळ कोण असतो? ट्रकवर तारा सांभाळणारी रोजंदारीवरची पोरे, बंदोबस्ताचा शिपाई, आणि पुढे नाचणारी आपलीच मुले. हा अभिरुचीचा नव्हे, कामगाराच्या कानाचा प्रश्न आहे. माझ्या ठरावात त्याचा उल्लेखही नव्हता.

आवाज इतका का वाढतो, याचेही उत्तर संगीतात नाही, धंद्यात आहे. भिंतीचा मालक पतसंस्थेचे कर्ज काढतो. हप्ते बारा महिने, हंगाम दोन-तीन महिन्यांचा. गाणी सर्वांकडे तीच. मग शेजारच्या मालकापेक्षा वेगळे दिसायचे कसे? अधिक मोठ्या आवाजाने. आणि सुपारीचे पैसे देणारा असतो तो पुढारी, ज्याचा फलक भिंतीवर लागलेला असतो. त्याला गाण्याशी कर्तव्य नसते, दोन गल्ल्यांपलीकडे आपण आहोत हे कळले पाहिजे एवढेच. क्रेटेक्सचे गाणे किंवा त्या मुलाची हलगी या भिंतीतून वाजते तेव्हा दोघांचेही ऐकू येत नाही. छातीत नुसता धक्का बसतो. ठेक्याचा पहिला शत्रू ही भिंतच आहे, हे मला खोलीत बसून कमी आवाजात ऐकल्यावरच समजले.

म्हणून माझी विनंती आहे की गेल्या वर्षीचा ठराव मला मागे घेऊ द्यावा. त्याच्या जागी पुढच्या १ ऑगस्टला मिरवणुकीत लहान ध्वनियंत्रणा असावी, मोजमापाचे यंत्र एका साथीच्या हाती असावे, आणि गाण्यांची निवड तरुणांनी करावी. हलगीवाले बाप आणि फोनवाला मुलगा या दोघांनाही वाजवण्याचे पैसे, ठरलेले आणि आगाऊ, शाखेने द्यावेत. ते सहा जण आज या सभागृहात नाहीत. त्यांच्याकडे मी परवा जाणार आहे. बरोबर कुणी आले तर बरे वाटेल, एकट्याला जरा संकोच वाटतो.

भाषण इथे थांबवतो. अध्यक्षांनी अर्धा तास दिला आहे, त्यात चार तुकडे ऐकू. आवाज मी लावला आहे तेवढाच ठेवा, मागच्यांनी पुढे येऊन बसा. पहिला अहमदाबादचा, १९७०च्या सुमाराचा. शेवटचा आपल्या गावचा.